डाव्या कोपऱ्यातली वाळू

१

गोरख प्रयोगशाळेत आला तेव्हा त्याच्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा होता. वृषालीला वाटलं, तपासायला पानं-देठ आणले असतील. नारायणगावातल्या तिच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत द्राक्षवाले, टोमॅटोवाले असंच काही ना काही डब्यात, पिशवीत घालून आणत. गोरखनं डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि तो बाजूला सरकून उभा राहिला. आत ओल्या रुमालावर बोटाएवढा मासा होता. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. रंग अजून उतरला नव्हता.

"मादी हाय," गोरख म्हणाला. "आदेशची."

वृषाली हातातलं काम ठेवून खाली बसली. आदेश हा गोरखचा धाकटा मुलगा. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकून आला आणि याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर तिच्या हाताखाली काम करू लागला. खोडदला, शेतांच्या पलीकडं रेडिओ दुर्बिणीच्या थोरल्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून असतात, तिथं त्यानं घराच्या पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी उभी केली होती. समुद्र इथून घाट उतरून पार पलीकडं. तरी त्यानं खास मीठ मागवलं, गाळलेल्या पाण्यात कालवलं, तळाला प्रवाळाची पांढरी वाळू अंथरली, दगड रचले आणि माशांची जोडी आणून सोडली. त्यांची पिल्लं वाढवून विकायची, असा त्याचा बेत होता. टाकी नवी होती. पाणी नुकतं कुठं बसत होतं. आणि मंचरहून येताना हायवेवर एका टेम्पोनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं.

आदेश गेला. त्यानंतर त्या घरानं टाकी धरून ठेवली होती. ज्यानं कधी स्वतःचा चहा करून घेतला नव्हता तो गोरख आता बादलीत मीठ कालवायला शिकला होता.

"कुनीतरी पान्यात कायतरी टाकतंय," तो म्हणाला. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून उलगडली. आत पांढरी भुकटी होती. टाकीमागच्या खिडकीच्या कट्ट्यावर सांडलेली सापडली म्हणे. झीरो बावन्न चौतीस, असं त्यानं सांगितलं. ते ठिबकमधून सोडायचं खत. त्यात फॉस्फेट ठासून भरलेलं. मळ्यातली ठिबकची सगळी कामं थोरला मुलगा सुदर्शन बघायचा, आणि हाच सुदर्शन भांडणात म्हणाला होता की ती टाकी एकदाची काढून टाका, ती बघितली की मला घरात श्वास घेता येत नाही.

वृषालीनं विचारलं, सुदर्शन काय म्हणतो?

"काय म्हननार. गप बसला. जो गप बसतो त्यानंच केलेलं असतं." गोरखनं डब्याचं झाकण लावलं. "त्याला घरातनं काढलाय मी, ताई. आता तुमी सांगा, बरूबर केलं का चूक."

२

दुपारी वृषाली खोडदला गेली. दारातच थबकली. मागच्या वेळी आदेशनं तिला हौसेनं बोलावून दाखवलेली टाकी वेगळीच होती. तेव्हा वाळू दुधासारखी होती आणि पाणी आहे की नाही असं वाटावं इतकं नितळ. आता वाळूवर, दगडांवर जांभळट लाल रंगाचा बुळबुळीत थर चढला होता. रत्नागिरीच्या सरांनी आदेशला त्यांच्या टाकीत वाढवलेल्या मऊ प्रवाळाचे दोन तुकडे दिले होते. त्यांतला एक विरघळून गेला होता आणि दुसऱ्यानं अंग आत ओढून घेतलं होतं. एकटा उरलेला नर डाव्या बाजूला, मागच्या दगडाच्या आडोशाला हलत होता.

त्याच बाजूला स्टुलावर अंजना बसली होती. आदेशची आई. वृषालीला बघून ती उठली, पाणी आणून दिलं, पुन्हा तिथंच जाऊन बसली. ती मूळची डिंभ्याची. धरणाच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या माणसांतली. मासा बाजारात कसा ओळखावा ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मासा सांभाळायचा असतो, हे मुलानं शिकवलं. काचेवर तिनं बोट टेकवलं की नर आडोशातून बाहेर येऊन बोटापाशी थांबे.

वृषालीनं पाणी काढून तिथंच तपासणी केली. फॉस्फेटचं औषध घातल्यावर नळीतलं पाणी निळं होतं, आणि जितकं फॉस्फेट जास्त तितका निळा गडद. टाकीचं पाणी शाईसारखं निळं झालं. मग तिनं नायट्रेट बघितलं. ते जवळजवळ नव्हतंच.

तिनं दोन्ही नळ्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. मग तिनं गोरखला समजावून सांगितलं. माशाला जास्त खायला घातलं, किंवा एखादा जीव दगडाखाली मरून कुजला, तर ही दोन्ही बरोबरीनं वाढतात. नव्या टाकीत तर हमखास. इथं एकच वाढलंय. म्हणजे हे खाण्यानं झालेलं नाही, कुजण्यानंही नाही. फॉस्फेट बाहेरून आलंय.

"तेच तर मी म्हनतोय," गोरख म्हणाला.

तिनं पुडीतली भुकटी थोड्या पाण्यात विरघळवून औषध घातलं. पाणी निळं झालंच नाही. तिनं बोटावर कण घेऊन जिभेला लावला आणि कट्ट्याकडं बघितलं. टाकीचे शिंतोडे तिथं उडत होते, वाळत होते. ते मीठ होतं. टाकीतलंच.

गोरखनं ते ऐकून घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ही भुकटी मीठ असेल, तो म्हणाला, पण पाणी तर निळं झालं ना. मग कुणी केलं?

 वृषालीनं निघताना एक दगड आणि टाकीच्या वेगवेगळ्या भागांतली वाळू मागितली. समोरची, मधली, उजवीकडची वाळू तिनं डब्यांत भरली. डाव्या कोपऱ्याकडं हात नेला तशी अंजना पहिल्यांदा बोलली.

"तिथली कशाला, ताई. बास की एवढी."

वृषालीनं हात थांबवला, मग थोडीशी वाळू उचललीच. अंजना उठून आत निघून गेली.

३

बंटीचं पाणी गाळायच्या यंत्रांचं दुकान नारायणगावच्या पेठेत होतं. त्याच्या आजोबांपासून ही पेढी. वडील चंपालाल अजून गल्ल्यावर बसत. आदेश आणि बंटी शाळेपासूनचे दोस्त. टाकीसाठी पाणी गाळायचं यंत्र त्यानंच बसवून दिलं होतं, आणि गोरखनं सुदर्शनच्या आधी संशय घेतला तो याच्यावर.

बंटी दुखावलेला होता. तो म्हणाला की काकांनी भर बाजारात विचारलं, काय पाणी दिलंस रे माझ्या पोराला.  आदेश गेल्यावर टाकीचं पाणी बदलायला तोच जात होता. थोडं जुनं पाणी नळीनं ओढून काढायचं, तेवढंच नवं घालायचं, हे आदेशनं त्याला शिकवून ठेवलं होतं. आमच्यात मासे पाळणं घरी आवडत नाही, तो म्हणाला, आई तर म्हणायची की कोंडून ठेवलेल्या जिवाचं पाप लागतं. पण आदेशची टाकी म्हटल्यावर तीही गप्प बसली.

वृषालीनं त्याच्या यंत्राचं पाणी तपासलं. औषध घातलं तरी ते काचेसारखं स्वच्छ राहिलं. बंटी निर्दोष होता. पण त्यानं सांगितलेल्या दोन गोष्टी तिनं मनात ठेवल्या. एक, पाणी बदललं की टाकी जरा सुधारायची, आणि पुढच्या खेपेला बघावं तर पुन्हा तसाच लाल थर. विद्राव्य खत कुणी एकदा टाकलं असतं, तर पाण्याबरोबर ते निघून गेलं असतं आणि दर बदलीला फॉस्फेट उतरत गेलं असतं. हे परत परत भरत होतं. म्हणजे त्याचा झरा टाकीतच होता, किंवा कुणीतरी रोज हात घालत होतं.

दुसरी गोष्ट त्यानं सहज बोलता बोलता सांगितली. नळी फिरवताना सगळी वाळू साफ व्हायची, एक कोपरा सोडून.

"काकू तिथं नळी लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तिथं मासे झोपतात, राहू दे."

४

सुदर्शन मामाकडं डिंभ्याला राहिला होता. वृषालीनं घोडेगाव मागं टाकलं आणि धरणाच्या कडेकडेनं गाडी नेली. तो पाण्याच्या काठी एका पालथ्या होडीवर बसला होता. शेजारी मामाची जाळी वाळत घातलेली. वडील कुणाला आपल्याकडं पाठवतील असं त्याला वाटत नव्हतं, आणि वृषालीला बघून तो आधी घाबरलाच. घरी कुणाला काही झालं का, विचारलं.

ती त्याच्याजवळ बसली. मीठ निघालं ते सांगितलं. तुझ्या खतानं हे झालेलं नाही, आंबट खत पडलं असतं तर पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, घसरला असता, तो उलट जरा चढलाय, हेही सांगितलं. सुदर्शन ऐकत होता, पण सुटल्याचं काही त्याच्या तोंडावर आलं नाही. आपल्यावर आळ आला याचं त्याला वाईट वाटतच नव्हतं, असं तो म्हणाला. टाकी काढा असं तो बोलला होता हे खरं. आदेश गेल्यापासून वडील त्या काचेसमोर बसत, आई त्या काचेसमोर बसे, आणि तो मळ्यातून घरी आला तरी दोघांची पाठच दिसे.

"मी बी त्याचाच भाऊ हाय ना," तो म्हणाला. "मला कुनी इचारलंच न्हाई, तू कसा हायस म्हनून."

मग तो त्या दिवसांबद्दल बोलायला लागला. सावडायला गेले तेव्हा वडील कडेलाच बसून राहिले, अस्थी त्यालाच गोळा कराव्या लागल्या. मडकं दारापुढच्या आंब्याला टांगलं, सुतक असल्यानं घरात नेता येईना. दुसऱ्या दिवशी आळंदीला नेलं. घाटावर मडक्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडायला गेला तर सुतळीची गाठ सुटेना. बारीक, घट्ट, दुहेरी गाठ. शेवटी त्यानं ती दातांनी तोडली. लोक बघत होते.

वृषालीनं विचारलं, गाठ वडिलांनी मारली होती?

"न्हाई. त्यांनी नुसती सुतळी गुंडाळली व्हती. त्यांना भान कुठं व्हतं."

मग कुणी मारली, हे तिनं विचारलं तेव्हा सुदर्शननं धरणाकडं तोंड फिरवलं. मला माहीत नाही, म्हणाला. त्याचा हात मात्र नकळत शेजारच्या जाळ्यावर गेला होता. वृषालीनं तिकडं बघितलं. जाळं जिथं जिथं फाटलं होतं तिथं ते सांधलेलं होतं, आणि प्रत्येक सांध्यावर बारीक, घट्ट, दुहेरी गाठ होती.

"मामाच्या घरातल्या सगळ्यांना येती ही गाठ," सुदर्शन म्हणाला. "लेकी-बाळींना बी."

एवढं बोलून तो उठला. आता मला काही विचारू नका, ताई, असं म्हणाला आणि होडीच्या पलीकडं गेला.

५

खोडदहून आणलेला दगड वृषालीनं स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या बादलीत भिजत ठेवला होता, आणि चारही ठिकाणची वाळू चार बरण्यांत. डिंभ्याहून परतल्यावर तिनं सगळ्यांत औषध घातलं. दगडाच्या पाण्याला जेमतेम निळी झाक आली. समोरची वाळू, मधली, उजवीकडची, सगळ्यांचं तसंच. डाव्या कोपऱ्यातल्या वाळूचं पाणी बघता बघता गडद निळं झालं.

तिनं ती वाळू पांढऱ्या थाळीत पसरली. प्रवाळाची वाळू म्हणजे चुनाच; शिंपल्याचे, पोवळ्याचे झिजलेले कण. त्यांच्यात काही कण वेगळे वाटत होते. राखेसारखे करडे, काही पांढरे आणि ठिसूळ. तिनं चिमट्यानं प्रवाळाचा एक कण उचलून काचेवर ठेवला आणि त्यावर आम्लाचा थेंब सोडला. तो सोड्यासारखा फसफसला. मग तिनं एक पांढरा, ठिसूळ कण घेतला. थेंब सोडला. एखाददुसरा बुडबुडा आला असेल नसेल. कण निमूटपणे विरघळत गेला. त्या थेंबात तिनं फॉस्फेटचं औषध घातलं आणि तो इतका निळा झाला की काळा दिसावा.

चुना फसफसतो. हाड फसफसत नाही. जळलेलं हाड म्हणजे बहुतेक सारं फॉस्फेटच.

वृषालीला सगळं एकदम कळलं, आणि कळल्याबरोबर तिला आपल्या हातांकडं बघवेना. आंब्याला टांगलेलं मडकं. कुणीतरी सोडून पुन्हा बांधलेली गाठ. नळी लावू न दिलेला कोपरा. एकाच खोलीत, एकाच टेबलावर तिच्याबरोबर बसून ज्यानं याच औषधानं पाणी तपासलं होतं, त्याच्यावर तिनं आत्ता आम्लाचा थेंब सोडला होता.

ती काच तिनं बेसिनखाली धुतली नाही. उरलेले कण एकेक वेचून स्वच्छ रुमालात बांधले. मग ती खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. गोरखला नाव हवं होतं. नाव तिच्याकडं होतं, आणि तिनं त्याला फोन केला नाही.

६

गोरख टोमॅटोच्या क्रेट घेऊन बाजारात गेला असेल अशा वेळी ती गेली. अंजना स्टुलावरच होती. वृषालीनं काही विचारलं नाही. ती तिच्या पायाशी जमिनीवर बसली, रुमाल सोडला आणि तो अंजनाच्या तळहातावर ठेवला.

"हे तुमचं आहे, वहिनी. मी परत आणलंय."

अंजनानं बघितलं. मूठ मिटली. ती रडली नाही. काचेतल्या माशाकडं बघतच ती बोलायला लागली, जणू ही गोष्ट कुणीतरी विचारावी याचीच ती वाट बघत होती. बायांनी स्मशानात जायचं नाही. सावडायला गडीमाणसं गेली. तिला शेवटचा चेहरासुद्धा धड बघू दिला नव्हता, डोकं फडक्यानं गुंडाळलेलं होतं. दुपारी सगळे ओसरीवर बसले असताना ती आंब्याखाली गेली. मडकं सोडलं, पदरात मूठभर घेतलं, पुन्हा बांधलं.

"आळंदीला न्हेत्यात म्हनले. त्याला नदीचं काय व्हतं, ताई? त्याला समुद्राचं येड. मला म्हनायचा, आई, तुला एकदा समुद्र दाखवतो. मंग ही टाकी भरली नि म्हनला, हा घे, घरातच आनला." तिनं मिटलेली मूठ काचेला टेकवली. "मी म्हनलं, त्याला त्याच्या समुद्रात ठेवावं."

एकदम सगळं सोडवलं नाही, ती म्हणाली. म्हणून रोज एक चिमूट. टाकीत हात घालून, दगडामागं, वाळूत दाबून. तेवढा वेळ तो हाताशी असल्यासारखा वाटायचा. मादी तिथंच येऊन बसायची, तिच्या बोटांना तोंड लावायची.

मग ती थांबली. तिनं वृषालीकडं पहिल्यांदा सरळ बघितलं.

"मंग मादी कशानं मेली?"

वृषालीनं घरून निघताना ठरवलं होतं की हे सांगायचं नाही. दगडांवर ढकलायचं, मिठावर ढकलायचं. पण सुदर्शन अजून डिंभ्याला होता, आणि समोरच्या बाईनं आयुष्यभर पाणी बघितलेलं होतं. खोटं तिला कळलं असतं.

"हाडात जे असतं तेच पाण्यात वाढलं, वहिनी," ती म्हणाली. "त्याच्यावर ते लाल शेवाळ पोसलं. अंधार पडला की ते पाण्यातली हवा ओढून घेतं. तिला हवा पुरली नाही."

 नर आडोशातून बाहेर येऊन अंजनाच्या मुठीसमोर, काचेपलीकडं थांबला होता. तिनं मूठ काचेवरून काढून घेतली आणि पोटाशी धरली.

"म्हंजी त्यानं जीव लावलेलं, ते म्या मारलं," ती हळूच म्हणाली.

वृषालीला तिचा हात धरायचा होता. तेवढ्यात दारात क्रेट आपटल्याचा आवाज झाला. गोरख उभा होता. त्यानं वृषालीला बघितलं, बायकोला बघितलं, आणि विचारलं, कळलं का कोण ते.

वृषालीनं तोंड उघडायच्या आत अंजना उठली. जे सांगायचं ते तिनंच सांगितलं. मडक्यापासून मादीपर्यंत, काही न लपवता, आणि शेवटी म्हणाली की थोरल्याचा यात काडीचा संबंध नाही, आळंदीहून परतला तेव्हाच त्याच्या नजरेत तिला दिसलं होतं की त्याला गाठ ओळखू आलीय, आणि त्यानं आईला उघडं पाडलं नाही, म्हणून तो गप्प होता.

गोरख उंबऱ्यावर बसला. बाहेर दुर्बिणीची एक तबकडी अगदी सावकाश फिरत होती.  तिकडं बघतच त्यानं विचारलं, अजून शिल्लक हाय का. अंजनानं टाकीच्या खालच्या कप्प्यातून कुंकवाची रिकामी डबी आणली. त्यानं ती उघडली, आत बघितलं, झाकण लावलं आणि परत तिच्या हातात दिली.

"मला बी सोडायचं नव्हतं," तो म्हणाला. "पन गडीमान्साला कोन इचारतं."

मग त्यानं फोन काढला. पलीकडून आवाज आला.  माफ कर म्हणणं त्या माणसाला आयुष्यात जमलं नव्हतं आणि आताही जमलं नाही.

"सुदर्शन," तो म्हणाला, "जेवायला ये."

७

टाकीतली वाळू काढायला सगळे लागले. वाळूत मिसळलेली राख वेगळी करता येणार नव्हती, म्हणून डाव्या कोपऱ्यातलीच काय, सगळीच काढली. बंटीनं तेवढा वेळ माशाला बादलीत ठेवून हवेचं यंत्र लावलं. सुदर्शननं दगड एकेक करून घासले. टाकीला आता तळाची नुसती काच राहिली, आणि नव्या पाण्यात नर जरा गोंधळल्यासारखा फिरत राहिला.

वाळूचं काय करायचं ते अंजनानं सांगितलं. कुणी वाद घातला नाही. बंटीनं गाडी काढली, आणि वृषालीलाही यायला सांगितलं गेलं. घाट उतरून, पेण मागं टाकून, ते रेवदंड्याला पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

अंजनानं समुद्र कधीच बघितला नव्हता. सुरूच्या झाडांतून पलीकडं पाणी दिसायला लागलं तशी ती थांबली. इतकं असेल असं तिला वाटलं नव्हतं. केवढी टाकी, असं काहीसं ती पुटपुटली, आणि मग पदर खोचून पाण्याकडं चालू लागली.

गुडघाभर पाण्यात घरची तिघं उभी राहिली. वृषाली आणि बंटी मागं, ओल्या वाळूवर थांबले. गोरखनं आणि सुदर्शननं बादल्या तिरप्या केल्या. पांढरी वाळू लाटेत पडली आणि त्याच लाटेनं ती ओढून नेली. डबी मात्र अंजनाच्या हातात होती. तिनं ती उघडली. लाट आली, गेली. पुन्हा आली. ती तशीच उभी होती. घाई करा, असं कुणी म्हणालं नाही. शेवटी तिनं आपणहून वाकून डबी पाण्याखाली धरली आणि पाण्यानं ती रिकामी केली.

परत फिरताना सुदर्शनला सुचलं. त्यानं धुतलेली बादली पुढं जाऊन काठोकाठ भरून आणली. खरं समुद्राचं पाणी आहे, घरच्या माशाला घालू, म्हणाला. आदेशला केवढं आवडलं असतं. गोरखनंही मान हलवली. अंजनानं बादलीत वाकून बघितलं. पाणी हिरवट होतं, जरासं गढूळ. तिनं वृषालीकडं वळून विचारलं.

"ताई, यात त्यो असंल का?"

वृषालीच्या डोळ्यांपुढं औषधाची नळी आली. आत्ताच सोडलाय, इथंच सोडलाय, एवढंच ती म्हणू शकली. असणार थोडा.

अंजना बादलीच्या कडीला धरून उभी राहिली. तिनं बोटं पाण्यात घातली, हलवली, ओठांना लावली. खारट चवीनं तिचा चेहरा जरा आक्रसला.

"मंग नगं," ती म्हणाली. "घरचा येकटा हाय. त्याला सोसायचं न्हाई."

तिनं बादली स्वतः उचलली. सुदर्शन धरायला पुढं झाला तर त्याला मानेनंच नको म्हणाली. वजनानं वाकत ती पुन्हा पाण्यापर्यंत गेली आणि बादली पालथी केली. पाण्यात पाणी मिसळलं, काही वेगळं दिसलं नाही. ती वळली तेव्हा तिचा ऊर वरखाली होत होता. सुदर्शननं तिच्या हातातून रिकामी बादली घेतली आणि दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला. तिनं तो धरू दिला.